जॉन मकॉर्मिक : हरलेल्या दाव्याचा वकील

दूरदेशी (धागालेखक)

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक २०१४ च्या सार्वमतापासून सुरू होते आणि फार तर उत्तर समुद्रातल्या तेलापर्यंत मागे जाते. त्याच्याही आधी, ज्या काळात या मागणीचे हसे होत असे त्या काळात ती लावून धरणारी माणसे आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहेत. त्यांच्यापैकी ग्लासगोचे सॉलिसिटर जॉन मकॉर्मिक यांच्यावर हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मकॉर्मिक यांनी हाती घेतलेले बहुतेक प्रत्येक मोठे काम त्यांच्या हयातीत फसले, तरीही १९९९ साली स्कॉटलंडला जी संसद मिळाली तिच्यापर्यंतचा रस्ता त्यांच्याच फसलेल्या कामांवरून गेला.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १९०४ चा, ग्लासगोच्या पोलकशील्ड्स भागातला. वडील जहाजाचे कप्तान होते आणि घराणे मूळचे पश्चिमेकडच्या मल बेटावरचे. ग्लासगो विद्यापीठात कायदा शिकत असताना ते आधी इंडिपेंडंट लेबर पार्टीत होते, पण १९२७ साली त्यांनी विद्यापीठातच राष्ट्रवादी विद्यार्थ्यांची संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी ‘नॅशनल पार्टी ऑफ स्कॉटलंड’च्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याच वर्षी विद्यापीठाच्या रेक्टरपदाची निवडणूक होती. हे मानाचे पद असून विद्यार्थ्यांच्या मतांनी भरले जाते. या निवडणुकीत त्यांनी कनिंगहॅम ग्रॅहम यांना थेट पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्यासमोर उभे केले. बाल्डविन जिंकले, पण अवघ्या ६६ मतांनी, आणि तेवढ्यावरून या पोरांना गंभीरपणे घ्यावे लागेल हे ग्लासगोला कळले.

मकॉर्मिक यांचा स्वभाव इथूनच दिसतो. पक्ष डाव्यांचा की उजव्यांचा याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नव्हते. जितके जास्त लोक एका कागदावर सही करतील तितके त्यांना हवे होते. म्हणून १९३४ साली त्यांनी आपल्या पक्षाचे ड्यूक ऑफ माँट्रोझ यांच्यासारख्या सौम्य, प्रतिष्ठित मंडळींच्या ‘स्कॉटिश पार्टी’शी विलीनीकरण घडवून आणले आणि त्यातून आजची स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, जन्माला आली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ते पक्के मवाळ होते. इंग्लंडशी संबंध तोडण्यापेक्षा स्कॉटलंडच्या कारभारासाठी स्कॉटलंडची स्वतःची संसद असावी, एवढ्यावर ते समाधानी होते. पक्षातल्या जहालांना हे कधीच रुचले नाही. १९४२ च्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी मकॉर्मिक यांचे उमेदवार विल्यम पॉवर हे डग्लस यंग यांच्याकडून थोडक्या मतांनी पडले. यंग हे ग्रीक भाषेचे प्राध्यापक. सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांनी कायदेशीर आव्हान दिले होते आणि त्यापायी पुढे तुरुंगवासही भोगला. निकाल लागला आणि मकॉर्मिक यांनी आपणच उभा केलेला पक्ष आपल्या माणसांसह सोडला.

बाहेर पडल्यावर त्यांनी ‘स्कॉटिश कन्व्हेन्शन’ हे पक्षातीत व्यासपीठ उभारले आणि त्यातून २९ ऑक्टोबर १९४९ रोजी एडिंबरातल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या असेंब्ली हॉलमध्ये ‘कव्हेनंट’, म्हणजे शपथपूर्वक केलेला करारनामा, जाहीर झाले. सतराव्या शतकातल्या धार्मिक कव्हेनंटची आठवण प्रत्येक स्कॉटिश माणसाला असल्यामुळे नावाची निवड पुरेशी हुशारीची होती. मजकूर मात्र अगदी वकिली सावधगिरीचा होता: राजसत्तेशी निष्ठा राखून आणि युनायटेड किंग्डमच्या चौकटीत राहून स्कॉटलंडला आपल्या कारभारापुरते पुरेसे कायदे करणारी संसद मिळवण्यासाठी आम्ही शक्य ते सर्व करू. सुमारे वीस लाख सह्या झाल्याचे चळवळीने जाहीर केले. स्कॉटलंडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम एकावन्न लाख होती. आकड्याची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही आणि काही सह्या खोट्या असल्याचे आरोपही झाले, पण तो निम्म्यावर आणला तरी कोणत्याही सरकारला दखल घ्यावी लागेल असाच राहतो. ॲटली सरकारने ती घेतली नाही. राज्यघटनेतले बदल निवडणुकीतून होतात, सह्यांच्या मोहिमांतून होत नाहीत, अशी लंडनची भूमिका राहिली.

यानंतरचा प्रसंग बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण त्यातला मकॉर्मिक यांचा भाग विसरला जातो. १९५० मध्ये ते स्वतः ग्लासगो विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी नाताळच्या पहाटे इयन हॅमिल्टन हा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे तीन साथीदार, गॅव्हिन व्हर्नन, ॲलन स्टुअर्ट आणि के मॅथेसन ही तरुण शिक्षिका, यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरून राज्याभिषेकाच्या खुर्चीखालचा ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ पळवला. स्कॉटिश राजांच्या अभिषेकाची ही शिळा इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ साली उचलून नेली होती. दीडशे किलोंचा तो दगड ओढताना त्याचे दोन तुकडे झाले, हॅमिल्टनच्या ओव्हरकोटावर ठेवून तो फरफटत बाहेर आणला गेला, आणि गल्लीत पोलीस आल्यावर हॅमिल्टन आणि के मॅथेसन यांनी प्रेमी जोडप्याचे सोंग घेतले. हा बेत मकॉर्मिक यांना आधीपासून ठाऊक होता आणि पैशाची सोयही त्यांनी केली होती. ग्लासगोचे नगरसेवक आणि दगडकामाचे व्यावसायिक रॉबर्ट ग्रे यांनी दगड सांधला आणि ११ एप्रिल १९५१ रोजी तो आर्ब्रोथच्या भग्न मठात, स्कॉटलंडचा निळा-पांढरा ध्वज पांघरून, ठेवण्यात आला. ज्या मठाशी १३२० चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जोडलेला आहे, तिथेच तो ठेवायचा हा विचार हिशेबीच होता. खटला कोणावरही भरला गेला नाही. भरला असता तर दगडाची मालकी कोणाची हा प्रश्न भर न्यायालयात निघाला असता.

आणि मग १९५३ चा दावा. फेब्रुवारी १९५२ मध्ये गादीवर आलेल्या राणीला ‘दुसरी एलिझाबेथ’ म्हटले गेले. आता पहिली एलिझाबेथ १५५८ ते १६०३ या काळात इंग्लंडची राणी होती. स्कॉटलंडवर तिने एक दिवसही राज्य केले नाही. दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले ते तिच्या मृत्यूनंतर, आणि दोन संसदा एक झाल्या त्या १७०७ मध्ये. तेव्हा १७०७ मध्ये जन्मलेल्या संयुक्त राज्याच्या दृष्टीने ही एलिझाबेथ पहिलीच ठरते आणि ‘दुसरी’ म्हणणे हा विलीनीकरणाच्या तहाचा भंग आहे, असा दावा मकॉर्मिक आणि हॅमिल्टन यांनी कोर्ट ऑफ सेशनमध्ये लावला. (आपल्या सेशन कोर्टाशी याचा काही संबंध नाही, हे स्कॉटलंडचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय.) दोघेही हरले, खाली लॉर्ड गथ्री यांच्यासमोर आणि अपिलातही. पण अपिलात निकाल देताना लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, कूपर असे म्हणाले की संसदेची अमर्याद सार्वभौम सत्ता हे खास इंग्लिश तत्त्व असून स्कॉटिश घटनात्मक कायद्यात त्याला जोड नाही. आणि १७०७ मध्ये जणू इंग्लंडच्या संसदेत काही स्कॉटिश सभासद घेतले गेले एवढेच घडले, अशा समजुतीने नव्या संसदेने इंग्लिश संसदेचे सगळे गुण उचलावेत आणि स्कॉटिश संसदेचा एकही नाही, हे आपल्याला पटत नाही. हरलेल्या पक्षकाराच्या पदरात इतके मोलाचे वाक्य पडल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मकॉर्मिक ऑक्टोबर १९६१ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी गेले. तोवर संसद नव्हती, कव्हेनंट विस्मृतीत गेले होते आणि त्यांच्या जुन्या पक्षाचा संसदेत एकही खासदार नव्हता.

पागोळी

उत्तम धागा. मला १९४२ च्या फुटीबद्दल अधिक वाचायला आवडेल. एका अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपला माणूस पडला म्हणून संस्थापकाने पक्ष सोडावा, हे मला तत्त्वापेक्षा मानापमानाचे प्रकरण वाटते. त्यांना ‘किंग जॉन’ म्हणत असत असे वाचले आहे, आणि ते काही निव्वळ कौतुकाने म्हणत नसावेत. दुसरे असे, की १९४८ मध्ये पेझलीच्या पोटनिवडणुकीत ते मजूर पक्षाविरुद्ध उभे राहिले होते ना? धाग्यात त्याचा उल्लेख नाही.

दूरदेशी

पागोळीताई, मानापमान होताच, नाकारत नाही. पण त्याखाली खरा मतभेदही होता. पक्षाने निवडणुका लढवत स्वबळावर वाढावे हा यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह. सर्व पक्षांतल्या अनुकूल लोकांना एकत्र आणून दडपण आणावे हा मकॉर्मिक यांचा. युद्धाच्या दिवसांत सैन्यभरतीला विरोध करणारा अध्यक्ष निवडणे म्हणजे उदारमतवादी आणि मजूर पक्षातल्या सहानुभूतीदारांची दारे आपल्या हाताने बंद करणे, हे त्यांना दिसत होते.

पेझलीबद्दल आपले बरोबर आहे, तो उल्लेख यायला हवा होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये ते उदारमतवादी आणि हुजूर अशा दोन्ही पक्षांच्या पाठिंब्यावर मजूर पक्षाच्या डग्लस जॉन्स्टन यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पडले. माझ्या मते ही त्यांची सर्वांत महागात पडलेली चाल. पक्षातीत म्हणवणाऱ्या चळवळीचा नेता सत्ताधारी पक्षाविरुद्ध विरोधकांचा संयुक्त उमेदवार झाला, म्हटल्यावर मजूर पक्षाने पुढच्या वर्षीच्या कव्हेनंटकडे संशयाने पाहिले तर त्यात नवल नव्हते. स्कॉटलंडचे मंत्री आर्थर वुडबर्न आधीच या मागणीचे कडवे विरोधक होते. त्यांना आयते कारण मिळाले.

कज्जेदलाल

व्यवसायाने वकील असल्यामुळे १९५३ च्या निकालाबद्दल थोडे सावधपणे लिहितो, कारण कूपर यांचे ते वाक्य जितक्या वेळा उद्धृत होते तितक्या वेळा मूळ निकाल वाचला जात नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते ऑबिटर, म्हणजे निकालाला आवश्यक नसलेले ओघातले मत, आहे. निकाल ज्या कारणांवर लागला ती वेगळीच आहेत. राजाच्या नावापुढे कोणता आकडा लावायचा याविषयी तहात काहीच तरतूद नाही, तो राजसत्तेच्या विशेषाधिकाराचा प्रश्न आहे, आणि अर्जदारांना हा दावा आणण्याचा अधिकारच नाही, म्हणजे आपल्या भाषेत लोकस नाही. यापलीकडे कूपर जे बोलले ते बंधनकारक नाही. दुसरी गोष्ट अशी, की याच निकालात त्यांनी हेही म्हटले आहे की अशा स्वरूपाची शासकीय कृती तहाशी सुसंगत आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याचा आधार आपल्याला दिसत नाही. म्हणजे संसदेवर मर्यादा असू शकते हे मान्य, पण ती मोडली तर दाद कुठे मागायची, याचे उत्तर नाही. राष्ट्रवादी मंडळी पहिले वाक्य फलकावर लिहितात आणि दुसरे सोडून देतात.

तरीही दोन गोष्टींमुळे हा निकाल मला असामान्य वाटतो. सरकारची बाजू मांडणाऱ्या लॉर्ड ॲडव्होकेटनेच अपिलात मान्य केले होते की तहातल्या मूलभूत आणि अत्यावश्यक अटी संसद बदलू शकत नाही. ही कबुली मिळाली नसती तर कूपर यांना एवढे पुढे जाता आले असते का, याची मला शंका आहे. शिवाय कूपर काही चळवळीतले नव्हते. ते युनियनिस्ट पक्षाचे माजी खासदार आणि स्वतः माजी लॉर्ड ॲडव्होकेट होते. विरोधी गोटातल्या साक्षीदाराने उलटतपासणीशिवाय आपल्या सोयीचे बोलावे, तसा हा प्रकार झाला.

२००५ मध्ये शिकारबंदीच्या कायद्यावरील जॅक्सन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सचे स्कॉटिश न्यायाधीश लॉर्ड होप यांनी हेच वाक्य आधाराला घेतले होते. तेही ऑबिटरच.

एडिंबरावासी

या दाव्याला एका टपालपेटीचीही बाजू आहे, ती इथे यायला हवी. एडिंबराच्या दक्षिणेला इंच नावाची वसाहत आहे. नोव्हेंबर १९५२ मध्ये तिथे नवी टपालपेटी बसवली गेली आणि तिच्यावर राणीची मुद्रा म्हणून ‘ई’, ‘आर’ ही अक्षरे आणि मध्ये रोमन दोनाचा आकडा होता. पेटी पहिल्यापासून लोकांच्या डोळ्यांत खुपली. तिची वारंवार मोडतोड झाली आणि शेवटी १२ फेब्रुवारी १९५३ रोजी ती स्फोटाने उडवून देण्यात आली. तिच्या जागी आकडा नसलेली पेटी आली. तेव्हापासून स्कॉटलंडमधल्या नव्या टपालपेट्यांवर राणीच्या मुद्रेऐवजी फक्त स्कॉटलंडचा मुकुट कोरलेला असतो. मी राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी अशीच एक आहे. लाल रंग, पत्रे टाकण्याच्या फटीखाली पितळी चौकटीत टपाल काढण्याच्या वेळा, त्याखाली उठावाचा मुकुट, आणि अक्षर किंवा आकडा कुठेच नाही. लंडनहून आलेल्या पाहुण्यांना हा फरक दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही.

म्हणजे न्यायालयात मकॉर्मिक हरले, पण टपाल खात्याने व्यवहारात त्यांचे म्हणणे मान्य केले. त्याच वर्षी चर्चिल यांनीही असा तोडगा सुचवला की यापुढे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या वंशावळींत ज्या नावाचा आकडा मोठा असेल तो घ्यावा. उद्या कोणी जेम्स गादीवर आला तर तो त्या नियमाने ‘आठवा’ होईल, कारण स्कॉटलंडमध्ये सात होऊन गेले आणि इंग्लंडमध्ये दोनच. सध्याच्या तिसऱ्या चार्ल्सच्या बाबतीत वाद उद्भवत नाही. आधीचे दोन्ही चार्ल्स दोन्ही देशांचे राजे होते.

रोखठोक

धागा माहितीपूर्ण आहे, पण धागालेखकांचा मूळ दावा मला पटलेला नाही. फसलेल्या कामांतून रस्ता तयार झाला, हे नंतर जोडलेले नाते वाटते. वीस लाख सह्यांनी काय साधले? काही नाही. याउलट नोव्हेंबर १९६७ मध्ये हॅमिल्टन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत विनी यूइंग एकट्या निवडून आल्या आणि दोन वर्षांत सरकारला घटनात्मक आयोग नेमावा लागला. ऑक्टोबर १९७४ मध्ये एसएनपीला ११ जागा आणि स्कॉटलंडमधली सुमारे ३० टक्के मते मिळाली आणि मजूर पक्षाला स्वतःच्या मुळावर घाव बसल्यासारखे वाटून स्वायत्ततेचे विधेयक आणणे भाग पडले. लंडनला मतपेटीची भीती वाटते, सह्यांच्या कागदाची नाही. १९४२ मध्ये मकॉर्मिक ज्यांना सोडून गेले त्यांचाच मार्ग बरोबर होता, असे इतिहास सांगतो. खुद्द यूइंग वकीलच होत्या, तेव्हा वकिली पद्धत वगैरे काही वेगळी असते असेही नाही.

दूरदेशी

रोखठोक, आपला आक्षेप वजनदार आहे आणि १९६७ ते १९७४ पर्यंत तो मला पूर्ण मान्य आहे. मतपेटीशिवाय लंडन हलले नसते.

पण त्यापुढे काय झाले ते पाहा. मार्च १९७९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी स्वायत्ततेच्या बाजूने कौल दिला, तरी तो एकूण मतदारांच्या ३२.९ टक्केच भरला आणि ४० टक्क्यांची अट पुरी न झाल्यामुळे सगळे बारगळले. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत एसएनपी ११ वरून २ जागांवर आली. एका पक्षाच्या मतांवर उभी राहिलेली मागणी त्या पक्षाबरोबरच आडवी झाली. ती पुन्हा उभी राहिली ती ३० मार्च १९८९ रोजी, स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशनल कन्व्हेन्शनच्या पहिल्या बैठकीत, आणि ही बैठक १९४९ चे कव्हेनंट जाहीर झाले त्याच असेंब्ली हॉलमध्ये भरली. मजूर, लिबरल डेमोक्रॅट, चर्च, कामगार संघटना, नगरपालिका अशा सगळ्यांनी सार्वभौमत्व स्कॉटिश जनतेचे असल्याच्या निवेदनावर सह्या केल्या. स्कॉटलंडच्या ७२ खासदारांपैकी ५८ जणांची सही त्यावर आहे. एसएनपी या कन्व्हेन्शनच्या बाहेर राहिली! मकॉर्मिक यांनी काढलेला पक्ष मकॉर्मिक यांच्या पद्धतीपासून दूर, आणि त्यांच्यावर चिडलेला मजूर पक्ष त्याच पद्धतीने कामाला लागलेला. या कन्व्हेन्शनने तयार केलेल्या आराखड्यावर १९९७ मध्ये सार्वमत झाले, ७४.३ टक्के लोकांनी होकार दिला, आणि १९९९ ते २००४ या काळात नव्या संसदेच्या बैठका तात्पुरत्या त्याच हॉलमध्ये भरत होत्या. १२ मे १९९९ रोजी वयाने ज्येष्ठ सदस्य म्हणून पहिली घोषणा केली ती आपण म्हणता त्या विनी यूइंग यांनीच: २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटिश संसद पुन्हा भरत आहे. ‘तहकूब’ म्हणणे ही वकिली युक्ती नाही तर काय?

पागोळी

त्यांच्या मुलांचाही उल्लेख करते. थोरले इयन १९७४ ते १९७९ या काळात आर्गाइलचे एसएनपी खासदार होते आणि पुढे सोशल डेमोक्रॅट झाले, म्हणजे पक्ष सोडण्याची घराण्याची रीत त्यांनीही पाळली. धाकटे नील हे एडिंबरा विद्यापीठात वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी प्राध्यापक झालेले कायद्याचे तत्त्वज्ञ. सार्वभौम सत्ता एकाच ठिकाणी गोळा झालेली असते या समजुतीवरच त्यांनी आयुष्यभर प्रश्न उभे केले. वडील कूपर यांच्यासमोर दावा हरले तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. ते १९९९ ते २००४ युरोपीय संसदेतही एसएनपीतर्फे होते.

रोखठोक

दूरदेशी, १९८९ चा मुद्दा मान्य. पण मग आज कूपर यांच्या त्या वाक्याचा उपयोग काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की वेस्टमिन्स्टरच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला स्वातंत्र्यावर सार्वमत घेता येणार नाही. जनतेच्या सार्वभौमत्वाचे तत्त्व तिथे कामी आले नाही.

कज्जेदलाल

त्याचे कारण सरळ आहे. ते प्रकरण १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याच्या अन्वयार्थाचे होते. दोन राज्यांचे एकत्रीकरण आणि युनायटेड किंग्डमची संसद हे विषय त्या कायद्याने लंडनकडे राखून ठेवले आहेत, आणि सल्लामसलतीपुरते सार्वमतसुद्धा त्या विषयांशी नुसते सैलपणे जोडलेले आहे असे म्हणता येत नाही, एवढेच पाचही न्यायाधीशांनी एकमताने ठरवले. कायद्याने दिलेल्या अधिकारांची मर्यादा त्या कायद्यातच शोधावी लागते; १७०७ चा तह तिथे वादाच्या केंद्रस्थानी नव्हता. कूपर यांचे म्हणणे खरे की खोटे हे ठरवायचे तर तहातली एखादी मूलभूत अट, उदाहरणार्थ चर्च ऑफ स्कॉटलंडचे किंवा खुद्द कोर्ट ऑफ सेशनचे अस्तित्व, मोडीत काढणारा कायदा लंडनने करावा लागेल आणि त्याविरुद्ध लोकस असलेल्या कोणीतरी दावा लावावा लागेल. लंडनचे कोणतेही शहाणे सरकार ती वेळ आणणार नाही.